हिरकणीचा नवरा कुठे होता?

कोजागिरीच्या संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि गडावर दूध विकायला आलेली हिरकणी घरच्या तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण शाळेत शिकतो आणि अध्यापक झाल्यावर शिकवतोही. एका बुरुजाला तिचे नाव आहे; एसटी स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्याही ‘हिरकणी कक्ष’ म्हणूनच ओळखल्या जातात. या विषयावरचे विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना त्यांत मातृप्रेमाची थोरवी आढळते, कड्याची भीषणता आढळते; बाळाचा बाप मात्र आढळत नाही. तो त्या रात्री कुठे होता, हे विचारावे असे निबंध लिहिणाऱ्याला वाटत नाही आणि त्याला गुण देणाऱ्या आम्हांलाही वाटत नाही.

हा प्रश्न कुणाला खोडसाळ वाटेल. तो तसा नाही. आईने कडा उतरला नाही तर बाळ उपाशीच राहणार, हे जी कथा गृहीत धरते, ती आजही बाळंतिणीच्या खोलीवर राज्य करते आहे. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध मागते. त्या प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीने उठायचे, ही व्यवस्था निसर्गाने लावून दिली आहे असे आपण समजतो. वस्तुतः निसर्गाने एवढेच ठरवले आहे की दूध आईच्या अंगात तयार होईल. ते बाळाच्या तोंडी कोण घालणार, हे घर ठरवते. अंगावर पाजणे आणि काढून ठेवलेले दूध बाटलीने किंवा वाटी-चमच्याने पाजणे, या दोहोंची सांगड घातली तर रात्रीची एखादी पाळी बाप घेऊ शकतो. आणि त्याने ती घेतलीच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हा पहिला आक्षेप. संस्कृतीचा दाखला द्यायचाच तर तो पुरता द्यावा. ज्या शिवकाळाने हिरकणी दिली, त्याच काळाने धाराऊही दिली. सईबाईंची प्रकृती ढासळल्यावर बाळ संभाजीराजांना दूध पाजले ते कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी. त्यामुळे सईबाईंचे मातृत्व उणे झाले असे कुणी म्हणत नाही. जुन्या घरांत बाळाला दूध पाजण्यासाठी तोटीचे बोंडले असे. आज हा शब्द शिकवताना विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ फळ्यावर चित्र काढून सांगावा लागतो. दाई, दूधआई, बोंडले हे शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्या समाजात आईखेरीज इतरांनी पाजण्याची रीतही होती. ती रीत आपण विसरलो आणि एकट्या आईची मूर्ती मखरात बसवली. त्या मखराची सजावट पुष्कळशी आपल्या कवितेने आणि पाठ्यपुस्तकांनी केली आहे. मात्र एक कबूल केले पाहिजे: जुन्या रीतीतही पाजणारी बहुधा बाईच असे. पुरुषाचा हात लागायचा राहून गेला, तो आता लागायला हवा.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो आदरानेच घेतला पाहिजे. दूधपावडरच्या कंपन्यांनी गरीब देशांत केलेल्या प्रचारामुळे १९७७ साली नेस्लेविरुद्ध बहिष्काराची चळवळ उभी राहिली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने त्याविषयी संहिता संमत केली. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. ही बंदी योग्यच आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा सल्लाही योग्यच आहे. पण काढून पाजलेले आईचे दूध हेही आईचेच दूध, हे ती संघटनाच मानते. अंगावर पाजणे नीट बसल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, बापाने आपली पाळी सुरू करावी. जितके दूध अंगातून निघते तितकेच शरीर पुढे तयार करते; म्हणून त्या पाळीचे दूध आईने आधी काढून ठेवावे. फ्रीजमध्ये ते ४ दिवसांपर्यंत राहते. बाटली दर वेळी उकळून घेणे जमणार नसेल तर वाटी-चमचाच बरा. आणि दूध अपुरे पडल्याने डॉक्टरांनी पावडरचे दूध सुचवलेच, तर तो आईचा पराभव नव्हे. या साऱ्यात अवघड काय आहे? बापाने रात्री दोन वाजता उठणे, एवढेच.

तो न उठण्याची किंमत कोण देते, हे पाहायला दूर जायला नको. आपल्या महाविद्यालयांत कायम प्राध्यापिकेला प्रसूती रजा आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारीला तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही. माझी अशी एक सहकारी बाळंतपणानंतर दुसऱ्याच महिन्यात वर्गावर परतली. रात्रभर जागून ती सकाळी वात्सल्यरस शिकवीत असे. सासूबाईंना बाटली मान्य नव्हती. नवरा समजूतदार होता. ‘माझ्याकडे तो राहतच नाही गं’ असे मनापासून म्हणे. राहील कसा? राहण्याची सवय त्याला लावली कुणी? केंद्र सरकार आपल्या कर्मचारी बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा देते. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने तेवढीही हक्काची नाही. कायदाही, म्हणजे, हिरकणीची गोष्ट वाचूनच मोठा झालेला दिसतो.

आम्हां कोल्हापूरकरांना दुधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून घेऊन धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावणारे पुरुष पाहिले की वाटते, दूध प्यायला या गावातल्या पुरुषाला कुणी शिकवायला नको. पाजायला तेवढे त्याने शिकायचे राहिले आहे.

साहित्याच्या अध्यापकाच्या हाती फारसे काही नसते, प्रश्नपत्रिका असते. पुढच्या वेळी हिरकणीवर निबंध घालताना मी ‘आईची माया’ हा विषय देणार नाही. ‘त्या रात्री घरात बोंडले असते तर...’ हा देईन.