रोजची कीर्द आणि महिन्याची तेरीज



चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या अनेक घरांत पलंगाखालचा वजनकाटा बाहेर निघतो. दिवाळीच्या फराळाचे डबे नुकतेच रिकामे झालेले असतात, हवेत गारवा असतो आणि मनात संकल्प असतो. चंद्रपुरात पहाटे फिरावयास निघणाऱ्यांची संख्या या दिवसांत एकाएकी वाढलेली दिसते. माघ उजाडेपर्यंत त्यांतील बरेच चेहरे दिसेनासे होतात. त्यांना आपण आळशी म्हणून मोकळे होतो. परंतु माझ्या मते त्यांतील पुष्कळांना काट्यावरील आकड्याने निराश केलेले असते. हे मी अनुभवाने लिहितो. मी स्वतः एकदा असाच मागे फिरलो आहे आणि त्याआधी एका व्यक्तीला मीच मागे फिरविले आहे. त्या व्यक्तीविषयी शेवटी लिहीन.

तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीत माझ्या रक्तातील साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, आहार आवरण्यास आणि रोज पाऊण तास चालण्यास सांगितले. त्या दिवशी माझे वजन ७८ किलो ४०० ग्रॅम होते. मी भात एका वाटीवर आणला, गोड बंद केले, सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आणि निम्मे केले. दहाव्या दिवशी काट्याने ७६ किलो ३०० ग्रॅम दाखविले. हा आकडा मी उत्साहाने चार नातेवाइकांना कळविला. चौथ्या आठवड्यात चालण्याचा वेग वाढविला, जोडीला थोडा व्यायामही सुरू केला. त्याच आठवड्यात घरच्या एका साखरपुड्यात वडाभात, पापड आणि लोणचे यांचा योग आला. दुसऱ्या दिवशी काटा ७७ किलो २०० ग्रॅम! कष्ट वाढविले आणि वजनही वाढले, हे काही केल्या पटेना.

त्या रागात मी सायंकाळी जेवलो नाही. गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या दुप्पट अंतर चालावयाचे ठरविले. रामाळा तलावाजवळ येईपर्यंत दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या एका गृहस्थांनी जवळच्या टपरीवरून साखरेचे पाणी आणून पाजले, म्हणून पुढचे टळले. डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही नऊशे ग्रॅम पाण्याला घाबरलात."

त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यात मी पुढील काही महिने घालविले. तो येथे मांडतो.

आपले शरीर तातडीच्या खर्चासाठी थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. या साठ्यास ग्लायकोजेन म्हणतात. तो सामान्यतः चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी करताच शरीर प्रथम हा साठा मोडते. त्याबरोबर बांधलेले पाणीही बाहेर पडते. पहिल्या आठ-दहा दिवसांत दीड-दोन किलो वजन झपाट्याने उतरते ते मुख्यतः यामुळे. त्यात चरबीचा वाटा थोडा असतो. माझ्या दोन किलोंच्या आनंदातील बहुतांश भाग पाण्याचा होता.

उलट दिशेनेही तेच घडते. सवय नसलेल्या स्नायूंना व्यायाम पडला की त्यांत सूक्ष्म इजा होतात. त्या भरून काढताना स्नायू पाणी धरून ठेवतात. व्यायामास सरावू लागलेले शरीर रक्तातील द्रवही वाढविते. त्यात पापड-लोणच्याचे मीठ गेले की ते मीठ आणखी पाणी अडविते, आणि भातामुळे रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पाण्यासह पुन्हा भरतो. निरोगी माणसाचे वजन एका दिवसात किलो-दीड किलो खाली-वर होणे यात नवल नाही.

आता हिशेब पाहा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. एका रात्रीत खरोखरच एक किलो चरबी वाढावयाची असेल, तर नेहमीच्या जेवणावर आणखी सत्तरएक पोळ्या खाव्या लागतील. साखरपुड्यात मी कितीही जेवलो असलो तरी तेवढे जेवलो नव्हतो. हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही खरा आहे. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण दीडशे उष्मांक खर्च करतो. म्हणजे केवळ चालून एक किलो चरबी उतरविण्यास जवळजवळ पन्नास दिवस लागतात. आहार रोज पाचशे उष्मांकांनी कमी केला, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. चरबी ही अशी संथ चालीने जाते-येते. काट्यावर दिवसागणिक जी उलथापालथ दिसते ती पाण्याची आणि पोटातील अन्नाची असते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे खात्याच्या भाषेत लवकर उमगले. वटावयास पाठविलेला धनादेश खात्यात दिसतो, पण तो आपला पैसा झालेला नसतो. काट्यावरील रोजची वाढ-घट ही अशीच न वटलेली रक्कम आहे. जुन्या खातेदारांना आठवत असेल, १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळे. अठ्ठावीस तारखेस एकदा मोठी रक्कम काढली की साऱ्या महिन्याचे व्याज हातचे जाई. त्या दिवसापासून रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजू लागले आणि खातेदारास न्याय मिळाला. आपले मन मात्र अजून जुन्याच नियमाने चालते. महिन्यातील सर्वांत वाईट दिवसाचा आकडा उचलून ते साऱ्या महिन्याची मेहनत शून्य ठरविते.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने याबाबत एक मोठा धडा दिला आहे. धानोरा रस्त्यावरील शोधग्राम येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी केले. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातील आशाताईंच्या गृहभेटींस त्याचा आधार मिळाला. या भेटींत बाळाचे वजन पुनःपुन्हा घेतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचे वजनही पहिल्या काही दिवसांत घटते. जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट नैसर्गिक असते, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ते वजन भरून येते. तिसऱ्या दिवशीचा एकच आकडा पाहून कोणी जाणते माणूस बाळाविषयी निकाल देत नाही. पुढील आकडे पाहून बाळ कोणत्या वाटेने चालले आहे ते ठरविते. दोन-अडीच किलोच्या जिवास जो धीर आपण देतो, तो पंचाहत्तर किलोच्या स्वतःस का देऊ नये?

डॉ. अभय बंग यांना स्वतःस चाळिशीतच हृदयविकाराने गाठले होते. त्यानंतर आहार, व्यायाम आणि मनाची शांती यांची घडी त्यांनी कशी बदलली, ते 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आले आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. बदलावयाची असते ती जगण्याची रीत. काट्यावरचा आकडा तिच्यामागून येतो.

आपल्या समाजात या विषयास आणखी एक पदर आहे. अठाईनंतर वजन काही किलोंनी उतरलेले असते आणि पारण्यानंतर थोड्याच दिवसांत त्यातील बराच भाग परत येतो. "तपश्चर्या केली, पण वजन परत आले," असे कोणी म्हणाले की मला वाईट वाटते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा आहे; त्यास वजनाच्या काट्यावर तोलू नये. आहाराच्या दृष्टीने आपल्या परंपरेत रोज आचरता येईल असे तप म्हणजे ऊनोदरी, भुकेपेक्षा चार घास कमी जेवणे. ते एका दिवसाचे नसल्यामुळेच शरीरास मानवते. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास, एकाशन किंवा जेवणाच्या वेळांत बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. तलावाजवळची ती सकाळ मला हे शिकवून गेली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. वजन सकाळी शौचानंतर, पाणी पिण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर घ्यावे. चौविहार पाळणाऱ्याने रात्रभर पाणी घेतलेले नसते, म्हणून चौविहाराच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा इतर दिवसांच्या आकड्याशी ताडून पाहू नये. आकडा वहीत लिहावा आणि त्यावर विचार न करता वही मिटावी. सात दिवसांची सरासरी रविवारी काढावी, आणि निर्णय घ्यावयाचा तो चार आठवड्यांच्या सरासरी शेजारी ठेवून. रोजची कीर्द लिहावी. पण नफा-तोटा तेरजेवरून ठरवावा. रोज आकडा पाहून ज्यांचे मन अस्वस्थ होते त्यांनी आठवड्यातून एकदाच काट्यावर उभे राहावे.

जोडीला शिंप्याची टेप ठेवावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानतात. पुष्कळदा वजन जागचे हलत नाही, पण कंबर दोन बोटे कमी झालेली असते. चार-सहा आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही स्थिर राहिली, तर मात्र ताट तपासावे. तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, सुक्या मेव्याची मूठ किती मोठी आहे, 'प्रसाद म्हणून' किती पेढे जातात, हे पाहावे. वजन उतरले की शरीराची गरजही उतरते, हेही लक्षात असावे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या दिवसांत फिरून आल्यावर काटा अर्धा किलो कमी दाखवील; तो घाम आहे, तो पाण्याने भरून काढावयाचा असतो. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी दिवसा त्याकडे अधिक लक्ष द्यावे. दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरातील वाचकांस वाघ-बिबट्यांविषयी मी काय सांगावे? पुरते उजाडल्यावर, माणसांच्या सोबतीने, मोकळ्या मैदानातच फिरावे.

दोन प्रसंगी मात्र काट्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पायांवर सूज किंवा दम लागत असेल, तर हृदय अथवा मूत्रपिंडाची तपासणी हवी. आणि कोणताही प्रयत्न न करता काही महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर आनंद मानू नये, डॉक्टरांकडे जावे.

आता त्या व्यक्तीविषयी. आठ वर्षांपूर्वी माझ्या सौभाग्यवतीने पहाटे चालावयास सुरुवात केली होती. तीन आठवड्यांनी तिचे वजन सातशे ग्रॅमने वाढलेले निघाले. मी वर्तमानपत्रातून डोके वर काढून, पाहुण्यांच्या देखत, हसत म्हणालो, "चालूनसुद्धा वाढते का कोणाचे वजन?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे बूट कपाटात गेले आणि पाच वर्षे तेथेच राहिले. आज तिचे गुडघे दुखतात. त्यास केवळ माझे वाक्य कारण आहे असे नाही. पण चालणे थांबले ते माझ्या वाक्यामुळे, हे मी जाणतो. डॉक्टरांकडून परतल्यावर पाण्याचा हा सारा हिशेब मी प्रथम तिला सांगितला आणि क्षमा मागितली. संवत्सरीस दरवर्षी आम्ही एकमेकांस 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. त्या दिवशी मी ते कारणासह म्हटले. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटले होते, सातशे ग्रॅम एवढे मोठे नसतात."

आता आम्ही दोघे सोबत निघतो. तिच्या गुडघ्यांमुळे वेग थोडा कमी असतो. माझे वजन या आठवड्याच्या सरासरीने ७२ किलो ६०० ग्रॅम आहे. साखर आटोक्यात आहे. तिची वही वेगळी आहे, आणि ती मी उघडत नाही.

जय जिनेंद्र.