मुंबई बंदरातून गेलेला हॅरी

गेल्या महिन्यात ऊस-बेणेप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून एका गावी चहाला थांबलो होतो. घरधन्यांना सारे गाव आबा म्हणते. बेण्याचे बोलणे झाले, कपबश्या आत गेल्या, आणि आबा आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, आमच्या धाकट्याचे बारावीला दोन विषय राहिले. पुढे शिकायचे नाही म्हणतो. तालुक्याच्या ऑर्केस्ट्रात गातो. आता त्याला गिटार पाहिजे. काय करावे माणसाने?"

पानावरच्या ठिपक्यांचा प्रश्न असता तर पान हातात घेऊन उत्तर दिले असते. पोराच्या गळ्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा आमच्या खात्यात नाही. तेव्हा मी आबांना एका इंग्रज गायकाची हकीकत सांगितली. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात माझ्या खोलीत मडगावचा एक मुलगा होता. त्याच्याकडे या गायकाच्या तीन कॅसेटी होत्या. परीक्षेच्या काळातही त्या चालू असत, म्हणून शब्द कळले नाहीत तरी चाली माझ्या कानात बसल्या. पुढे त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

गायकाचे नाव क्लिफ रिचर्ड. हे त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव हॅरी रॉजर वेब, आणि जन्म १४ ऑक्टोबर १९४० चा, आपल्या लखनौचा! वडील रेल्वेला खाणेपिणे पुरवणाऱ्या कंपनीत व्यवस्थापक होते. पुढे कुटुंब कलकत्त्यापलीकडच्या हावड्याला राहिले. घरात नोकरचाकर, पोराला पतंगाचा नाद. १९४६ साली कलकत्त्यात भयंकर दंगली झाल्या, १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या असल्या अनेक कुटुंबांना आता इथे आपले काय, असा प्रश्न पडला. १९४८ च्या पावसाळ्यात वेब मंडळी मुंबई बंदरात 'रांची' नावाच्या बोटीवर चढली. हॅरी सात वर्षांचा होता. पाठीवर दोन बहिणी.

इंग्लंड म्हणजे आपलाच मुलूख, असे त्यांना वाटत असेल. पण मुलूख तसा वागला नाही. आधी नातेवाइकांच्या घरी एका खोलीत सगळे कुटुंब, मग दुसऱ्या नातेवाइकांकडे. लंडनच्या उत्तरेला चेशंट म्हणून गाव आहे, तिथे सरकारी घर मिळायला काही वर्षे गेली. ज्या वडिलांच्या हाताखाली इथे माणसे होती त्यांना तिथे कारखान्यात साधी नोकरी धरावी लागली, आईही कामाला गेली. शाळेत पोरे हॅरीला हिंदुस्थानातून आला म्हणून चिडवत. जमीन गेल्यावर शहरात रोजगाराला गेलेली घरे आपण पाहिली आहेत. त्यांना या वडिलांच्या मनाची कल्पना यावी.

अभ्यासात हॅरी बेताचाच. १९५७ साली एका अमेरिकन गायकाच्या जलशाची तिकिटे काढायला शाळा बुडवून रांगेत उभा राहिला, म्हणून वर्गनायकाचा बिल्ला काढून घेतला गेला. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तो एकाच विषयात उत्तीर्ण झाला, इंग्रजीत. (इथे आबा पहिल्यांदा हसले.) मग विजेचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात फायली लावायची कारकुनी.

पण त्याच्या आधी, १९५६ साली, एक गोष्ट घडली होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीतल्या रेडिओवर त्याने अमेरिकेच्या एल्व्हिस प्रेस्लीचा आवाज ऐकला आणि तो वेडावला. त्याच वर्षी सोळाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याला गिटार आणून दिली. वडील कडक शिस्तीचे, घरात पैशाची ओढ. तरी आणून दिली. मी या हकीकतीत नेहमी इथेच थांबतो. एका माणसाचा मुलूख सुटला, हुद्दा गेला, मुलगा परीक्षेत फार चमकायची चिन्हे नाहीत, आणि तो कारखान्याच्या पगारातून गिटार घेतो.

कारकुनी करत संध्याकाळी हॅरी चहाकॉफीच्या दुकानांत, नाचगाण्याच्या हॉलमध्ये गायचा. एका कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी ठसकेबाज नाव हवे म्हणून १९५८ साली 'क्लिफ रिचर्ड' हे नाव जुळवले. त्याच वर्षी त्याची पहिली तबकडी निघाली. कंपनीने एका बाजूला अमेरिकेतून आलेले एक गुळगुळीत गाणे घेतले, आणि त्याच्याच जोडीदाराने, इयन सॅमवेलने, बसमधून येताना रचलेले गाणे दुसऱ्या बाजूला टाकले. ती बाजू बहुधा कोणी लावत नसे. पण जॅक गुड नावाच्या दूरदर्शन निर्मात्याने दुसरीच बाजू उचलली. म्हणाला, हाच मुलगा हवा आणि हेच गाणे. मात्र त्याची अट होती. एल्व्हिससारखे गालावर वाढवलेले कल्ले काढायचे आणि गळ्यातली गिटार बाजूला ठेवायची. नक्कल बंद. हॅरीने ऐकले. 'मूव्ह इट' हे ते गाणे इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले.

ही यादी म्हणजे काय? बिनाका गीतमाला ऐकलेल्यांना सांगायला नको. तबकड्यांच्या खपावरून तिकडे दर आठवड्याला यादी निघे, आणि पहिला क्रमांक म्हणजे मानाचे पान. १९५९ साली 'लिव्हिंग डॉल' या गाण्याने क्लिफला ते पान पहिल्यांदा मिळवून दिले. हे गाणे आधी चित्रपटासाठी धावत्या ठेक्यात केलेले होते. त्याच्या साथीचा गिटारवादक ब्रूस वेल्च याने त्याची गती कमी करून संथ केले, तेव्हा ते लोकांच्या ओठी बसले. साथीदारांचे सांगायचे तर हँक मार्व्हिन आणि ब्रूस वेल्च ही जोडी पुढे 'द शॅडोज' या नावाने स्वतःही गाजली. क्लिफ स्वतः गाणी फारशी रचत नसे. दुसऱ्याचे चांगले ओळखायचे आणि आपल्या गळ्याला साजेसे करून घ्यायचे, हा त्याचा गुण. काही जाणकार याला कमीपणा मानतात. मला तसे वाटत नाही. बियाणे स्वतः तयार केले नाही म्हणून उत्तम पीक काढणाऱ्याला आपण कमी लेखत नाही.

१९६२ च्या जानेवारीत 'द यंग वन्स' हे गाणे बाजारात यायच्या आधीच पाच लाखांवर तबकड्यांची मागणी नोंदली गेली होती, आणि ते आले ते थेट पहिल्या क्रमांकावर. पुढच्या वर्षी 'समर हॉलिडे' हा चित्रपट आला. लंडनची दुमजली लाल बस घेऊन तरुण मंडळी ग्रीसपर्यंत जातात, एवढीच त्याची गोष्ट. माझ्या मडगावच्या सोबत्याचे हे सर्वांत आवडते गाणे.

मग वारे फिरले. १९६२ च्या अखेरीस बीटल्स नावाची चार पोरे आली आणि दोन वर्षांत जुन्या गायकांचा भाव उतरला. क्लिफ बुडाला नाही, पण त्याचे नवेपण संपले. १९६६ साली त्याने जाहीर सभेत आपली ख्रिस्ती श्रद्धा सांगितली, आणि गाणे सोडून शाळामास्तर व्हावे असाही विचार काही काळ केला. १९६८ साली युरोपातल्या देशांच्या गायन स्पर्धेत तो 'काँग्रॅच्युलेशन्स' घेऊन उतरला. स्पेनला २९ गुण, याला २८. एका गुणाने गेले! घरी मात्र त्या गाण्याने पहिला क्रमांक मिळवला.

त्यानंतर पुन्हा पहिला क्रमांक मिळायला अकरा वर्षे लागली, आणि ही अकरा वर्षे त्याच्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटतात. मधल्या काळात काही तबकड्या गेल्या, काही पडून राहिल्या. तरुण पोरे त्याला मागच्या पिढीचा म्हणू लागली. त्याने गाणे थांबवले नाही आणि जुन्या माणसांशी तोडले नाही. मदतीला आला तो जुना जोडीदार ब्रूस वेल्च, आता निर्माता म्हणून. १९७६ साली 'डेव्हिल वूमन' अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेले. ज्या अमेरिकेने त्याला अठरा वर्षे फारशी दाद दिली नव्हती, तिथे! आणि १९७९ साली 'वुई डोन्ट टॉक एनीमोअर' इंग्लंडमध्ये पहिले आले. तेव्हा तो एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

पुढचे भराभर सांगतो. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत, सलग पाच दशकांत प्रत्येकी एकदा तरी पहिला क्रमांक मिळवणारा तो इंग्लंडमधला एकमेव गायक. १९९५ साली 'सर' झाला. १९९६ साली विंबल्डनला पावसाने टेनिस थांबले, तेव्हा त्याने ओल्या प्रेक्षकांपुढे बिनवाद्यांचे गाऊन दाखवले, आणि मागे उभ्या राहून नामांकित महिला खेळाडूंनी साथ केली.

तरी बाजार तो बाजार. १९९८ साली रेडिओवाले त्याचे नाव पाहूनच तबकडी बाजूला ठेवत, म्हणून एका नव्या गाण्याची तबकडी 'ब्लॅकनाइट' अशा खोट्या नावाने पाठवली, आणि ती वाजली! आडतीत माल न पाहता पाटीवरचे गावाचे नाव पाहून भाव करणारे आपल्यालाही ठाऊक आहेत. पुढच्या वर्षी त्याच्या जुन्या कंपनीने एक गाणे काढायला नकार दिला. दुसऱ्या, लहान कंपनीने ते काढले, आणि तीन आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिले.

आमच्या खात्याच्या माणसाला सांगावीशी वाटणारी गोष्ट म्हणजे याने पोर्तुगालच्या दक्षिणेला, अल्बुफैरा गावाजवळ, द्राक्षबाग लावली. २००१ साली पहिला माल निघाला. द्राक्षे वाइनची. त्यांत सिरा ही जातही होती, जी आपल्या नाशिककडे लावतात. वाइनचे नाव त्याने ठेवले 'विदा नोव्हा', म्हणजे नवे जीवन.

एक कडू प्रसंगही आहे. २०१४ साली एका जुन्या आरोपावरून पोलिसांनी त्याच्या इंग्लंडमधल्या घराची झडती घेतली आणि बीबीसीने ती हेलिकॉप्टरमधून साऱ्या जगाला दाखवली. तो त्या वेळी पोर्तुगालात होता. त्याला कधी अटक झाली नाही, २०१६ साली खटला भरायचा नाही असे ठरले, आणि २०१८ साली उच्च न्यायालयाने बीबीसीविरुद्ध निकाल देऊन त्याला २ लाख १० हजार पौंड भरपाई दिली. मधली चार वर्षे कोण भरून देणार? २०२० साली, ऐंशी वर्षांचा झाल्यावर, त्याचा नवा संग्रह पुन्हा यादीत पहिल्या पाचांत होता.

आबांनी सगळे ऐकून घेतले. क्रमांक, सन, तबकड्या यांत त्यांना रस नव्हता. त्यांनी एकच विचारले, "त्या गिटार आणून देणाऱ्या बापाने यातले काय पाहिले?"

मी म्हणालो, "थोडेच. 'मूव्ह इट' पाहिले, 'लिव्हिंग डॉल' पाहिले. १९६१ च्या मे महिन्यात ते गेले, छप्पन्न वर्षांचे होते. 'सर' होणे, ते विंबल्डन, बाग, काही नाही."

आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "साहेब, बेणेप्रक्रियेचे औषध तालुक्याला कुठल्या दुकानात मिळते ते कागदावर लिहून द्या. उद्या धाकट्यालाच पाठवतो. त्याच पेठेत वाद्यांचेही दुकान आहे म्हणे. भाव विचारून येईल."