विश्लेषण : सर्व्हर आपला, पण ‘आयपी’चा शेजार कोणाचा?

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना ई-मेल आणि संकेतस्थळासाठी सर्व्हर भाड्याने घेतो, तेव्हा चौकशी होते ती दराची. सर्व्हरला मिळणाऱ्या आयपी पत्त्याची सहसा होत नाही. ऑर्डरचा मेल ग्राहकाच्या ‘स्पॅम’मध्ये गेला, की मात्र हाच पत्ता महत्त्वाचा ठरतो.

पत्ते येतात कोठून?

पत्त्यांचा जागतिक साठा ‘आयाना’ सांभाळते. तिच्याकडून ते आशिया-प्रशांत विभागाच्या ‘एपीनिक’कडे आणि भारतात ‘निक्सी’च्या ‘आयआरआयएनएन’मार्फत कंपन्यांकडे येतात. आयपीव्ही-४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ‘आयाना’कडील मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे स्वस्त ‘शेअर्ड’ योजनेत शेकडो संकेतस्थळे एकाच पत्त्यावर असू शकतात. ‘व्हीपीएस’ला बहुधा स्वतंत्र पत्ता मिळतो, पण तो आधी दुसऱ्या कोणी वापरलेला असू शकतो.

शेजाऱ्याचा फटका कसा बसतो?

तारापूरमध्ये अनेक कारखान्यांचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात जाते. एकाने नियम मोडला, तरी बोट सगळ्यांकडे दाखवले जाते. इथेही तसेच आहे. एका ग्राहकाने स्पॅम पाठवला तर तो पत्ता काळ्या यादीत जातो. प्रकार वारंवार घडल्यास २५६ पत्त्यांचा अख्खा गट अडवला जाऊ शकतो.

विलगीकरण म्हणजे काय?

एकाच यंत्रावरील अनेक ग्राहकांची मेमरी आणि डिस्क ‘हायपरव्हायजर’ वेगळी ठेवतो. नेटवर्कमध्ये हे काम ‘व्हीलॅन’ आणि फायरवॉल करतात. शिवाय प्रत्येक आभासी सर्व्हर फक्त त्याला दिलेलाच पत्ता वापरेल, असे बंधन घालावे लागते. ते नसेल तर शेजारचा ग्राहक आपला पत्ता स्वतःच्या सर्व्हरवर टाकून आपल्याकडे येणारी माहिती वळवू शकतो. मात्र विलगीकरण चोख असले तरी त्याने माहिती वाचते. पत्त्याची बदनामी टळत नाही.

नियम काय?

‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, व्हीपीएस आणि क्लाउड कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, भाड्याचा कालावधी आणि दिलेले आयपी पत्ते यांची नोंद सेवा संपल्यानंतरही किमान ५ वर्षे ठेवायची आहे. ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले ६ तासांत कळवण्याचे बंधन होस्टिंग कंपन्यांवरच नव्हे, तर इतर कंपन्यांवरही आहे.

उद्योजकांनी काय विचारावे?

पत्ता स्वतंत्र आहे का, तो काळ्या यादीत आहे का, ‘रिव्हर्स डीएनएस’ नोंद करून मिळेल का आणि पत्ता अडवला गेल्यास किती वेळात बदलून मिळेल, हे चार प्रश्न करारापूर्वी विचारावेत. उत्तरे लेखी घ्यावीत. दरातील फरक बहुतेकदा याच उत्तरांत दडलेला असतो.