प्रमाणपत्रांचे पीक, कौशल्याचा दुष्काळ

सरकारी कचेरीतील कारकुनाला संगणक येत नाही, शिक्षकाला येत नाही, बँकेतील जुन्या कर्मचाऱ्याला तर मुळीच येत नाही, अशी ओरड महाराष्ट्रात गेली वीस-पंचवीस वर्षे चालू आहे. ती करणाऱ्यांत असे वरिष्ठ पुष्कळ आढळतात की ज्यांना आलेला ईमेल स्वीय सहायक कागदावर छापून त्यांच्यापुढे ठेवतो आणि ज्यांच्या डिजिटल सहीचे उपकरण, त्याच्या पासवर्डासकट, कंत्राटी संगणकचालकाच्या खणात पडलेले असते. ओरड खोटी आहे असे नव्हे. संगणकाच्या साध्यासुध्या वापराविषयीचे अज्ञान खरोखरच व्यापक आहे. परंतु ते कोणी निर्माण केले, कोणाच्या सोयीचे आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न टाळून जेव्हा सर्व दोष खालच्या खुर्चीवर ढकलला जातो, तेव्हा त्या ओरडीमागील वर्गीय हिशेब उघडा करणे समाजवाद्यांचे काम ठरते.

या अज्ञानाचे स्वरूप प्रथम नीट पाहिले पाहिजे. संगणकावर तयार केलेले पत्र छापायचे, त्यावर सही घ्यायची आणि मग त्या कागदाचे छायाचित्र पुन्हा संगणकात चढवायचे, हा कचेऱ्यांचा नित्याचा शिरस्ता आहे. असे केल्याने त्या पत्रातील एक शब्दही पुढे शोधता येत नाही, आणि तोच मजकूर दुसऱ्या कचेरीत दुसरा कारकून नव्याने टंकलिखित करीत बसतो. एक्सेलच्या तक्त्यात आकडे भरायचे आणि बेरीज शेजारच्या कॅल्क्युलेटरवर करून हाताने लिहायची, हेही सर्रास चालते. मराठीची दुर्दशा तर विचारूच नये. युनिकोड उपलब्ध होऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मजकूर अजून फिरतात आणि दुसऱ्या यंत्रावर उघडले की त्यांची निरर्थक चिन्हे होतात. या गोष्टी ऐकून शहरी सुशिक्षितांना हसू येते. परंतु आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे आणि तहसील कचेरीत तिसरे स्पेलिंग पडल्यामुळे ज्या निराधार विधवेचे अनुदान अडकते, तिला त्यात विनोद दिसण्याचे कारण नाही. ते स्पेलिंग दुरुस्त कोठे करायचे हे ज्याला ठाऊक असावे, तो ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच सांगतो. नोकरशाहीला पूर्वी नियमाची ढाल होती, आता यंत्राची लाभली आहे.

राज्यकर्त्यांनी या रोगावर शोधलेला उपाय म्हणजे प्रमाणपत्र. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरीत तो आवश्यक ठरला. गावोगावी खाजगी केंद्रे निघाली आणि लाखो मुलामुलींनी शुल्क भरले. ज्या मुलाने यंत्राला कधी हातही लावला नव्हता त्याची भीती मोडली, हे या अभ्यासक्रमाचे श्रेय नाकारू नये. परंतु सरकारने त्याचा वापर शिक्षणापेक्षा शिक्षेसाठी अधिक केला. मुदतीत परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्यात आल्या, आणि दिलेल्या वाढीची वसुलीही निघाली. वेतनवाढ वाचवण्यासाठी माणूस परीक्षा देतो आणि पर्यायांवर खुणा करून उत्तीर्णही होतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो त्याच टेबलावर, त्याच जुन्या पद्धतीने, तेच काम करू लागतो. त्याच्या कचेरीतील प्रत्यक्ष कामाशी त्या परीक्षेचा संबंध जोडण्याची तसदी कोणी घेतलेलीच नसते. आपला कर्मचारी ‘संगणक साक्षर’ झाल्याची नोंद तेवढी सेवापुस्तकात होते.

या साऱ्या कारभाराचा पंचनामा २०१७ साली मुंबई विद्यापीठात झाला. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला आणि काम खाजगी कंपनीकडे सोपवले. परीक्षांचा हंगाम चालू असताना ही यंत्रणा उभी करायची होती. ज्या हजारो प्राध्यापकांनी तपासणी करायची, त्यांचा सराव व्हावा, एखाद्या लहान परीक्षेवर प्रयोग करून पाहावा, अडचणी आधी समजून घ्याव्यात, एवढा धीर कोणाला नव्हता. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनाशा झाल्या, आणि प्राध्यापक लॉगिनशी झगडत बसले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. अन्य विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली, तरी निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

त्या काळात वृत्तपत्रांतून प्राध्यापकांची यथेच्छ टिंगल झाली. आयुष्यभर शिकवणाऱ्यांना माऊस धरता येत नाही, असे म्हटले गेले. काहींना धरता येत नसेलही. परंतु न शिकवता, न विचारता आणि उसंत न देता माणसांना यंत्रापुढे बसवले, तर होणाऱ्या अनर्थाचा जबाब कोणी द्यायचा? बसवणाऱ्याने की बसणाऱ्याने? कुलगुरू गेले, चर्चा संपली. ज्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या हुकल्या, त्यांचे वर्ष कोणी परत केले नाही.

अज्ञान कनिष्ठांपुरतेच असते हा समज तर साफ चुकीचा आहे. प्रगत भांडवलशाही देशांची संघटना असलेल्या ओईसीडीने २०११ ते २०१५ या काळात ३३ देशांतील प्रौढांच्या कौशल्यांची पाहणी केली. संगणकावर अनेक टप्प्यांचे, थोडे गुंतागुंतीचे काम पार पाडू शकणारे तेथे शंभरात अवघे पाचच्या आसपास निघाले. सुमारे एक चतुर्थांश लोकांना संगणकच वापरता येत नव्हता. ही श्रीमंत देशांची कथा आहे, भारत त्या पाहणीत नव्हता.

तज्ज्ञांविषयी तर बोलायलाच नको. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून येणारे कोरोनाचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. यंत्रणेत तंत्रज्ञ होते, सल्लागार होते, निधीलाही तोटा नव्हता, आणि तरीही २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढण्यास उशीर झाला, आणि साथीत उशिराचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

दुसरे उदाहरण समाजवाद्यांनी तर कायम ध्यानात ठेवावे असे आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली असा निष्कर्ष मांडला की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपेक्षा अधिक सरकारी कर्ज असलेल्या देशांची वाढ खुंटते. गोरगरिबांवरील सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतील राजकारण्यांनी तो निष्कर्ष डोक्यावर घेतला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून तपासला, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरायच्याच राहिल्या होत्या असे दिसले. दोष तेवढाच नव्हता. काही वर्षांचे आकडे वगळले होते आणि देशांना दिलेला भारही आक्षेपार्ह होता. हे सर्व दुरुस्त करता उणे ०.१ टक्का दाखवलेली वाढ अधिक २.२ टक्के निघाली. सूत्रातील चूक लेखकद्वयाने मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. कारकुनाकडून अशी चूक झाली असती तर त्याची वेतनवाढ गेली असती. येथे अनेक देशांतील कामगारांची पेन्शन आणि इस्पितळे पणाला लागली होती, आणि प्राध्यापकांची खुर्ची जागची हलली नाही.

नवी पिढी हे सारे आपोआप शिकून येईल, असा एक भाबडा आशावाद आहे. केंद्र सरकारच्याच २०२२-२३ च्या नमुना पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटातील ७८.४ टक्के तरुणांना फाइल जोडून संदेश पाठवता येतो. मात्र माहिती शोधणे, ईमेल पाठवणे आणि बँकेचे व्यवहार ऑनलाइन करणे ही कामे जमणारे केवळ २६.८ टक्के आहेत. मोबाइल कंपनीला ग्राहक हवा असतो, म्हणून अंगठा चालवण्याचे शिक्षण ती फुकट देते. आपली फाइल कोठे साठली आहे, तिची दुसरी प्रत कशी ठेवावी, आकड्यांचा तक्ता खरा की खोटा हे कसे ताडून पाहावे, हे शिकवण्यात तिचा कोणताच नफा नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयेही या गोष्टी क्षुल्लक मानून सोडून देतात, आणि संगणकाची पदवी घेतलेला तरुण या बाबतीत पुष्कळदा कारकुनाच्याच पंगतीला बसतो.

मग काम चालते कसे? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ते चालते गावच्या संगणक परिचालकाच्या पाठीवर. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पात आणि २०१६ नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त ग्रामपंचायतीचे दाखले, नोंदी, लाभार्थ्यांच्या याद्या हाच तरुण भरत आला. त्याला सरकारी कर्मचारी म्हणून मान्यता नाही, मानधन तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाही. किमान वेतनासाठी त्याला पुनःपुन्हा आझाद मैदान गाठावे लागले. म्हणजे ज्याला हक्क आहे त्याला ज्ञान दिले नाही आणि ज्याला ज्ञान आहे त्याला हक्क दिला नाही. हा अपघात नव्हे. कायम कर्मचारी अडाणी राहिला की काम कंत्राटदाराकडे देण्यास निमित्त मिळते, आणि कंत्राटी कर्मचारी असुरक्षित राहिला की तो वरिष्ठाच्या सहीचे उपकरण मुकाट्याने वापरतो. उद्या घोटाळा निघाला तर बोटे कोणाची उमटलेली सापडतील?

येथे कामगार चळवळीलाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात यंत्र बसू नये म्हणून इमारतीभोवती पहारे दिले. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणावर मर्यादा घालणारा करार पदरात पाडून घेतला. नोकऱ्या वाचवण्याचा तो लढा रास्त होता, आणि त्याची हेटाळणी करणाऱ्या उदारीकरणवाद्यांनी आजच्या कंत्राटी भरतीकडे पाहून खुशाल उत्तर द्यावे. परंतु यंत्र किती यावीत यावर जेवढा जोर दिला गेला, तेवढा यंत्रावर हुकमत कोणाची यावर दिला गेला नाही. गिरणीतल्या जॉबरला साचा खोलून जोडता येत असे आणि मालकाला ते ठाऊक असे. संगणकाच्या बाबतीत संघटनांनी भत्ता मागितला, ज्ञान मागितले नाही. ती मागणी परीक्षेच्या रूपाने मालकाच्या हाती गेली आणि उलटून कर्मचाऱ्याच्याच अंगावर आली.

ही मागणी संघटनांनी आता परत आपल्या हाती घ्यावी. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी, मराठीतून आणि त्या त्या टेबलावरच्या प्रत्यक्ष कामाचे असले पाहिजे. ते वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही तितकेच सक्तीचे हवे. शिकवणारा बाहेरच्या कंपनीचा विक्रेता नसावा, रोज तेच काम करणारा संगणक परिचालक असावा, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्याला मिळावा. नवी प्रणाली आणण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांच्या समितीने तपासल्याशिवाय ती लागू होऊ नये, आणि समितीने लेखी दाखवलेल्या दोषांमुळे झालेल्या चुकीसाठी कोणाही कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखली जाऊ नये. परिचालकांना ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि किमान वेतन देण्याची मागणी याच मागणीपत्रात घालावी लागेल. ती वेगळी ठेवली तर कचेरीतील कायम कारकून तिच्यासाठी रस्त्यावर उतरणार नाही, आणि सरकारचा सारा भरवसा नेमका त्याच्यावरच आहे.