बंदुकीचें मोल

आमचा एक पुतण्या अमेरिकेंत, टेक्सस राज्यांत, गेलीं अठरा वर्षें राहत असून आतां तेथील नागरिकही झाला आहे. गेल्या महिन्याच्या पत्रांत नेहमींच्या क्षेमकुशलानंतर त्यानें एक प्रश्न विचारला, तो ऐकून घरांतील वडील मंडळी क्षणभर स्तब्धच झाली. त्यास नेमबाजीचा नाद लागला असून एक अर्धस्वयंचलित रायफल घ्यावयाची आहे. दुकानांत एकीची किंमत सहाशें डॉलर, तर तशाच दिसणाऱ्या दुसरीची अडीच हजार! "काका, एवढा पैसा घालणें रास्त होईल काय?" असें तो विचारतो.

घरांत शस्त्र असावें कीं नसावें, हा वाद आज आम्ही उकरून काढीत नाहीं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. त्याच्या राज्यांत मात्र ती घेण्याची त्यास मुभा आहे. प्रश्न मोलाचा आहे, आणि मोल पारखण्याची रीत शिवणयंत्रास काय नि रायफलीस काय, एकच: पैसा कोठें गेला तें पाहावें, आणि तो आपल्या उपयोगीं पडेल काय, तें मनास विचारावें.

अर्धस्वयंचलित रायफलींत चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. मात्र रिकामें काडतूस बाहेर टाकून नवें आंत घेण्याचें काम यंत्र आपण होऊन करतें. पुतण्यास हवी असलेली रायफल 'एआर-१५' या घराण्याची. युजीन स्टोनर या अभियंत्यानें आर्मालाइट कंपनींत असतांना ती योजिली. १९५९ मध्यें तिचे हक्क कोल्ट कंपनीनें घेतले आणि १९६४ पासून नागरिकांसाठीं ती विकावयास आणिली. १९७७ मध्यें मूळ पेटंटची मुदत संपली, आणि पुढें कितीतरी कारखाने त्याच घडणीची रायफल बनवूं लागले. म्हणूनच सहाशेंची आणि अडीच हजारांची या दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एकीचे बहुतेक भाग दुसरीस बसतातही. भेद आहे तो पोटांत.

पहिला भेद नळीचा. महाग रायफलीची नळी पुष्कळदां थंड पोलाद यांत्रिक हातोड्यांनीं ठोकून घडवितात आणि तिला आंतून क्रोमचा मुलामा देतात. त्यामुळें हजारों गोळ्यांची उष्णता आणि गंज ती सोसते. दुसरा भेद बोल्टचा. काडतूस उडतांना त्याचा सारा जोर या लहानशा तुकड्याच्या दांतांवर येतो. चांगला कारखाना प्रत्येक बोल्ट जादा दाबाच्या काडतुसानें कसोटीस लावतो, आणि डोळ्यांस न दिसणारी चीर राहिली आहे काय, हें चुंबकाच्या साह्यानें तपासतो. स्वस्त मालांत अशी तपासणी पुष्कळदां चार नमुन्यांवरच भागते. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरांत चालते. येथें ती चालत नाहीं. तिसरा भेद जुळणीचा. यंत्र मागें ढकलणाऱ्या वायूचें छिद्र प्रमाणाबाहेर मोठें असेल, तर धक्का वाढतो आणि भाग लवकर झिजतात.

या तीन गोष्टींसाठीं दिलेला पैसा सार्थकीं लागतो. परंतु त्यांस अडीच हजार लागतातच असें नाहीं. हजार-बाराशें डॉलरांच्या आसपास त्या बहुधा पदरांत पडतात. त्यापुढील पैसा पुष्कळ अंशीं मऊ चाप, सुबक मूठ, झिलई आणि कारखान्याचें नांव यांकडे जातो.

पण नेमाचें काय? पंचांग पाहणाऱ्यांस 'कला' हें माप परिचित आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर ती एक इंचाहून किंचित् अधिक भरते. उत्तम रायफल निवडक काडतुसांनीं एका कलेच्या आसपास गोळ्या बसविते, साधारण रायफल दोन-तीन कलांत. गेल्या वर्षीं आम्ही पुतण्याकडे गेलों असतां, त्याच्या मित्राच्या अशा दोन रायफली मैदानावर चालतांना पाहिल्या. आम्ही अर्थात् प्रेक्षकच. दोहोंतही सरावाचीं तींच स्वस्त काडतुसें होतीं. कागदावरील भोकांवरून महाग कोणती, हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं, आणि खुद्द मित्रासही नाहीं.

याच घराण्याच्या लष्करी रायफलीची, म्हणजे एम-१६ ची, कथाही येथें आठवण्याजोगी आहे. व्हिएतनामच्या युद्धांत ती ऐन वेळीं अडकूं लागली. काडतुसांतील दारू बदलली होती, काडतूस बसण्याच्या जागीं क्रोमचा मुलामा नव्हता, आणि हिला सफाई फारशी लागत नाहीं अशा समजुतीनें सैनिकांस सफाईचें साहित्यही पुरेसें दिलें नव्हतें. १९६७ मध्यें अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या उपसमितीनें या प्रकरणाची चौकशी केली. पुढें मुलामा आला, साहित्य आलें, शिकवण आली, आणि तीच रायफल विश्वासास पात्र ठरली. आजूबाजूच्या खर्चांत कसर केली कीं उत्तम हत्यारही कुचकामी होतें, हा त्यांतील बोध.

तेव्हां हिशेब पुरा मांडावा. सरावाचें काडतूस सुमारें अर्ध्या डॉलरास पडतें. हात बसण्यास वर्षांत एक हजार उडविलीं, तरी पांचशें डॉलर झाले. शिकविणाऱ्याची दक्षिणा निराळी, आणि कुलपाचें पोलादी कपाट निराळें. पुतण्याच्या घरीं नऊ आणि बारा वर्षांचीं दोन मुलें आहेत. २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षीं अमेरिकेंत एक ते सतरा वयाच्या मुलांच्या मृत्यूंचें पहिल्या क्रमांकाचें कारण बंदूक हेंच होतें. त्यांत हत्या आहेत, आत्मघात आहेत, आणि उघड्या राहिलेल्या कपाटामुळें झालेले अपघातही आहेत. मिरजेहून उत्तम तंबोरा आणून तो भिंतीशीं टेकवून ठेवणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. तंबोऱ्यावर नुसती धूळ बसते. रायफलीचें तसें नाहीं.

आम्हीं त्यास उत्तर लिहिलें तें असें: ज्याची वर्षाकांठीं हजारों काडतुसें उडतात, जो स्पर्धेंत उतरतो, त्यास अडीच हजारांची रायफल कदाचित् शोभेल. तुला ती नको. सहाशेंचीही नको, जिचा प्रत्येक बोल्ट तपासलेला आहे अशी मधली घे, आणि उरलेला पैसा कपाट, काडतुसें आणि शिक्षक यांस दे. कपाट घेणार नसशील, तर फुकट मिळाली तरी ती महागच.

उलट टपालीं उत्तर आलें, तें सूनबाईंच्या हातचें. कपाट आधीं आलें आहे, रायफल अजून दुकानांतच आहे, आणि किल्ली आपल्याच जुडग्यांत राहील, ही अट त्यांनीं घातली आहे. आमच्या मातोश्रींच्या कमरेला फडताळाची किल्ली असे. ती प्रथा समुद्रापलीकडेही चालू राहिली, याचा आम्हांस संतोष वाटला.