विश्लेषण : कविता तोंडपाठ, तरी वाचन का अडते?

पहिली-दुसरीच्या वर्गात कविता सर्वांत आधी पाठ होते आणि वाचन सर्वांत उशिरा येते. पुस्तक बंद असले तरी मूल अख्खी कविता चालीवर म्हणते. त्याच कवितेतला मधलाच एखादा शब्द दाखवला की गप्प होते. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावे, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्यात ते अधिक अवघड आहे. इथली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि ऐन शाळेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास तुटतो. अशा मुलांना पाठ असलेली कविता वाचनापर्यंत नेऊ शकते का?

म्हणणे आणि वाचणे

‘असर’ सर्वेक्षणात मुलांपुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. पाठांतर तिथे कामी येत नाही. म्हणून कविता निरुपयोगी ठरत नाही. ती कानापर्यंतच थांबते, एवढाच याचा अर्थ.

ती डोळ्यांपर्यंत नेण्याची रीत साधी आहे. पाठ झालेली कविता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि म्हणताना प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायला लावायचे. मग एखादा शब्द हाताने झाकायचा, किंवा ओळींच्या पट्ट्या करून त्यांचा क्रम विस्कटायचा. विचारलेला शब्द शोधण्यासाठी मूल ओळ सुरुवातीपासून पुटपुटू लागले, तर ते चुकत नाही. उच्चारलेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांची जोडी ते लावत असते. वाचनाची सुरुवात तीच.

यमकाचा उपयोग इथेच होतो. ब्रिटनमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी सुमारे ४०० मुलांचा अभ्यास करून १९८३मध्ये दाखवले की, लहान वयात यमक ओळखता येणे आणि पुढे वाचता येणे यांचा संबंध असतो. तो अभ्यास इंग्रजीचा. मराठीला मात्र एक सोय जास्त आहे. ‘पाणी’, ‘गाणी’, ‘राणी’ यांत कानाला सारखे लागते, तेच डोळ्यांनाही सारखे दिसते. ‘णी’ची वेलांटी वेगळी शिकवावी लागत नाही, ती तीनदा भेटते. (बाराखडीही शेवटी चालीवर पाठच होते, पण तिला अर्थ नसतो.)

वाद कशावर झाला?

२०२४मध्ये बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातील एका कवितेवरून समाजमाध्यमांत गदारोळ झाला. मराठी कवितेत हिंदी आणि इंग्रजी शब्द कशाला, असा आक्षेप होता. तो चुकीचा होता असे नाही. पण कवितेची ओळ मुलाला वाचता येण्याइतकी सोपी आहे का, तिच्यात शब्द पुन्हा पुन्हा येतात का, यावर फारसे कोणी बोलले नाही.

‘निपुण’च्या निकषांनुसार तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत. हा वेग एकच मजकूर अनेकदा वाचून येतो. गद्याचा धडा मूल चौथ्यांदा वाचायला कंटाळते. कविता मात्र पुन्हा म्हणायला कोणी ना म्हणत नाही.

भूममध्ये काय करता येईल?

हंगामात काही मुले फडावर जातात, काही गावी आजीजवळ राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी शासनाची हंगामी वसतिगृह योजना आहे. फडावर गेलेल्या मुलाचे पुस्तक सुटते, पाठ झालेली कविता सुटत नाही. परतल्यावर अनोळखी धड्यापेक्षा तिच्यापासून सुरुवात करणे सोपे, कारण मजकूर आधीच डोक्यात असतो.

आजीजवळ राहणाऱ्यांना आणखी एक साठा उपलब्ध आहे. तो म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि २०१७पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. पण आजीची एखादी ओवी फळ्यावर उतरवायला संकेतस्थळही लागत नाही. पुस्तकी मराठीत अडखळणाऱ्या मुलाला घरचा शब्द लिहिलेला दिसतो, तेव्हा तो ओळखीमुळे वाचता येतो.

अडचण आहे ती वेळेची. एकेका मुलाला फळ्याजवळ बोलावून बोट ठेवायला लावायचे, तर तीस मुलांच्या वर्गात तास संपतो. दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तिथे धाकट्यांनी म्हणायचे आणि मोठ्यांनी बोट फिरवायचे, अशी वाटणी करता येते. वर्गाने एका सुरात म्हटलेली कविता ऐकायला छान वाटते, पण त्या सुरात कोणाला वाचता येत नाही हे शिक्षकाला कळत नाही.