घाम स्वाराचा, हिशेब वाडीचा

पावसाळा सरला की मुंबईत सायकलींचा हंगाम सुरू होतो. कुणी गोव्याला निघतो, कुणी पंढरपूरला, तर कुणी थेट कन्याकुमारीला. यातले काही जण एखाद्या कामासाठी पैसा उभा करायचा म्हणून पेडल मारतात. कर्करुग्णांचे उपचार, पाड्यावरची शाळा, डायलिसिसचा खर्च अशी ती कामे असतात. माझगावच्या ताडवाडीत, अंजीरवाडीत किंवा माथारपाखाडीत असा एखादा तरुण उभा राहिला, तर त्याच्या मागे मंडळ उभे राहते, शेजारी उभे राहतात आणि मदतीचे आवाहन घरोघर पोहोचते. हा उत्साह स्वागतार्हच आहे. पण गोळा होणाऱ्या पैशाची शिस्त कोणती, हा प्रश्न उत्साहाच्या भरात मागे राहतो.

लोकवर्गणीचे काम या शहराला नवे नाही. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून पावतीपुस्तक हा इथल्या सार्वजनिक आयुष्याचा भाग आहे. कोकणातल्या गावांची मुंबईकर मंडळे देवळाच्या छपरापासून शाळेच्या खोलीपर्यंत सारे वर्गणीतूनच करत आली. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला. टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. थोड्यांकडून मोठी रक्कम मागण्यापेक्षा पुष्कळांकडून लहान रक्कम मागावी, हा धडा मराठी माणसाने तेव्हाच गिरवला आहे.

सायकलच्या लांब पल्ल्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरचा फेरा पूर्ण करून १९२८च्या मार्चमध्ये परतले. त्यांना जग पाहायचे होते. बाबा आमट्यांनी १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. त्या यात्रेचा हेतू माणसे जोडण्याचा होता, निधी जमवण्याचा नव्हे. दानापेक्षा काम माणसाला घडवते, हा तर आमट्यांचा आयुष्यभराचा आग्रह.

सायकल आणि सेवाकार्य यांची सांगड अलीकडे ठळकपणे घातली ती नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी. २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पार केली. आदिवासींच्या नेत्रआरोग्याचे काम लोकांपुढे आणण्यासाठी त्यांनी संघाच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे शब्द घातले होते. अशा शर्यतीत स्वाराच्या मागेपुढे वाहने आणि मदतनिसांची तुकडी लागते. विमानभाडे, राहणे, खाणे, सुटे भाग हा सगळा खर्च कुणीतरी उचलावाच लागतो. तो कोणी उचलला, हे देणगीदाराला ठाऊक असणे हा कोणत्याही अशा मोहिमेचा कळीचा मुद्दा आहे.

याबाबत अमेरिकेतली दोन उदाहरणे बोलकी आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० साली ३६ स्वारांनी ‘पॅन-मॅस चॅलेंज’ सुरू केले आणि पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार डॉलर जमवले. आज ती तिथली एक मोठी निधी-फेरी आहे. स्वारांनी गोळा केलेली सगळी रक्कम बोस्टनच्या डॅना-फार्बर कर्करोग संस्थेला जाते; आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक यांच्यातून भागवला जातो. दुसरीकडे, १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी पहिली ‘एड्स राइड’ निघाली. तिच्या आयोजक कंपनीने पुढील काही वर्षांत कोट्यवधी डॉलर जमवले, पण जाहिरात आणि व्यवस्था यांवर फार खर्च होतो अशी टीका वाढत गेली आणि २००२ साली कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. तिचे संस्थापक डॅन पॅलोटा यांचे म्हणणे असे की, खर्च केल्याशिवाय मोठा निधी उभा राहत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. खर्च करणे हा गुन्हा नव्हेच. मात्र शंभर रुपये देणाऱ्याला त्यातले किती रुग्णापर्यंत पोहोचणार, हे देण्याआधी कळले पाहिजे.

हाच दंडक वाडीतल्या मोहिमेला लावून पाहू. समजा माझगाव ते गोवा अशी ६०० किलोमीटरची फेरी आहे आणि किलोमीटरमागे एक रुपया देण्याचा शब्द दोनशे घरांनी दिला. एका घराचे सहाशे, एकूण एक लाख वीस हजार. घरटी रक्कम झेपणारी आहे आणि एकत्र केली की उपयोगी पडणारी आहे. पण सोबतची गाडी, डिझेल, मुक्काम, टी-शर्ट आणि बॅनर याच पैशातून निघाले तर रुग्णाच्या हाती काय उरेल? म्हणून पहिल्या दिवसापासून दोन खाती हवीत. स्वारीचा खर्च स्वार, त्याचे मित्र किंवा एखादा प्रायोजक करील. कार्यासाठी मागितलेला पैसा फक्त कार्यालाच जाईल. ते शक्य नसेल तर आवाहनातच स्पष्ट लिहावे की इतका हिस्सा प्रवासाला आणि इतका कामाला.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क नुसार, नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवामुळे बहुतेक मंडळांना हे कलम ठाऊक आहे. सायकल फेरीच्या वेळी मात्र ते विसरले जाते. याहून सोपा मार्ग असा की पैसा स्वाराच्या किंवा मंडळाच्या खात्यात न घेता थेट लाभार्थी संस्थेच्या खात्यात जावा. यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तिथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर बोट तिथेच थांबवावे आणि विचारावे.

प्राप्तिकरातली ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते. शिवाय दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. ‘पावती मिळेल’ एवढे सांगून भागत नाही. संस्थेला त्या सवलतीची मान्यता आहे का, हे सांगावे लागते. वाडीतली माणसे दुबई, लंडन, न्यू जर्सीत आहेत आणि तीही मदतीला पुढे येतात. त्यांच्यापैकी भारतीय नागरिकत्व असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा मात्र ठरतो, आणि तो स्वीकारायला संस्थेकडे परकी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते.

पैशाइतकीच सुरक्षेची जबाबदारी. माझगावच्या वेशीवरून जाणाऱ्या पूर्व मुक्त मार्गावर सायकलला मनाई आहे. अटल सेतूवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आहे. म्हणजे शहराबाहेर पडताना स्वाराला शीव-पनवेल मार्गावरच्या अवजड वाहनांतून वाट काढावी लागते. पहाटेची निघण्याची वेळ, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट, अपघात विमा आणि मागून येणारी गाडी या गोष्टी चैनीत मोडत नाहीत. देणगीचा आकडा गाठण्यासाठी कुणी रात्रभर झोप न घेता घाटात उतरणार असेल, तर त्याला अडवणे हे मंडळाचे कर्तव्य आहे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: काम चांगले असेल तर लोकांनी सरळ पैसे द्यावेत, त्यासाठी सायकल कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने दाखवून दिले की ओळखीचा माणूस घाम गाळायला तयार असेल, तर एरवी खिशात हात न घालणारेही देतात. परळला १९४१ पासून चालणाऱ्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर गावोगावचे रुग्ण पदपथावर दिसतात. पण रोज दिसणाऱ्या दुःखाची सवय होऊन जाते. शेजारचा मुलगा त्यांच्यासाठी सहाशे किलोमीटर जायला निघाला की ती सवय मोडते. मात्र अशी देणगी बहुधा स्वारासाठी दिलेली असते, कामासाठी नव्हे. स्वारी संपली की देणाराही थांबतो. म्हणून मोहिमेचे यश जमलेल्या रकमेवरून मोजू नये. त्या दोनशे घरांपैकी किती घरे पुढच्या वर्षी, कुणी सायकलवर नसताना, त्याच संस्थेला पुन्हा देतात यावर ते ठरते.

तेव्हा स्वारांनी आणि मंडळांनी तीन गोष्टी पाळाव्यात. निघण्यापूर्वी संस्थेचे नाव, खाते आणि खर्चाचा वाटा जाहीर करावा. परतल्यावर महिन्याभरात जमा-खर्च आणि संस्थेची पोचपावती मंडळाच्या फलकावर लावावी. आणि वर्षभराने त्या पैशातून काय झाले, हे सर्वसाधारण सभेत सांगावे. देणाऱ्यांनीही संकोच न करता हिशेब मागावा. पै-पैचा हिशेब मागणे हा स्वाराचा अपमान नव्हे. पुढच्या वर्षी निघणाऱ्या स्वाराची वाट त्यानेच मोकळी होते.